बांध कोरला तर दंड! इंग्लंडमधलं लॅक्स्टन गाव

नमस्कार मंडळी! बांध कोरला म्हणून भावकीत वर्षानुवर्षं केस चाललीये, हे आपल्याला काही नवीन नाही. पण बांध कोरणाऱ्याला दंड ठोकायला गावाचंच स्वतःचं कोर्ट, आणि ते आजपण भरतं, असं एक गाव इंग्लंडमध्ये आहे. नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्स्टन.

मॅपवर बघा, शेरवुड जंगलाच्या थोडं पूर्वेला. लाल चिकणमाती. गावाजवळ एक टेकाड आहे, तिथे नॉर्मन लोकांचा (अकराव्या शतकात फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकलेले) किल्ला होता, आता नुसता मातीचा उंचवटा उरलाय. फार्महाउसं सगळी गावातच, रस्त्याला लागून, आणि शेती गावाबाहेर.

आता खरी गंमत. तीन मोठी शेतं आहेत, वेस्ट फील्ड, मिल फील्ड, साउथ फील्ड, आत कुंपण वगैरे काही नाही, नुसते पट्टे, आणि एकेका शेतकऱ्याचे पट्टे तिन्हीकडे विखुरलेले. एका शेतात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड किंवा चाऱ्याला, आणि पुढच्या वर्षी पाळी बदलते. मला वाटलं म्हणून मी यंदा वेगळं काही पेरतो, हे चालत नाही!

नोव्हेंबरच्या शेवटी गावातलीच ज्युरी, म्हणजे निवडलेले पंच, गव्हाच्या शेतात फिरते, हद्दीच्या खुंट्या ठोकते, कोणी नांगर पुढे घातलाय का बघते, आणि आठवड्याभराने कोर्ट लीट, म्हणजे गावाचं ते कोर्ट, भरतं, तिथे दंड. कुठे भरतं माहितीये? पबमध्ये. (आपल्याकडे पार असतो, तसं समजा.)

पूर्वी इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी अशीच शेती होती. मग अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पार्लमेंटने कायदे करून करून जमिनी एकत्र केल्या, कुंपणं घातली. लॅक्स्टन वाचलं ते काही कुणाला परंपरेचं प्रेम होतं म्हणून नाही हं, इथल्या दोन बड्या जमीनदारांचं वाटणीवर एकमतच होईना!

अर्थात सगळं जसंच्या तसं नाहीये. 1635 साली मार्क पिअर्सने गावाचा नकाशा काढला, तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे, त्यात पट्टे कितीतरी बारीक आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते जोडून मोठे केले, आता ट्रॅक्टर फिरतो.

मालकी? 1952 मध्ये अर्ल मॅनव्हर्सने (अर्ल म्हणजे सरदारकीचा किताब, आणि मॅनव्हर्स हे त्या दोन जमीनदार घराण्यांपैकी एक) गाव सरकारच्या शेती खात्याला विकलं, 1981 ला ते क्राउन इस्टेटकडे (ब्रिटिश राजगादीच्या नावावरच्या जमिनी सांभाळणारी संस्था) गेलं आणि 2020 मध्ये थोर्सबी इस्टेटने विकत घेतलं. थोर्सबी म्हणजे कोण, तर त्याच मॅनव्हर्सचे वारस!