जाळ्यातल्या कासवाला वाट

श्रोतेहो, नमस्कार.

नागपूरहून समुद्र शेकडो किलोमीटरवर. तरी भोईपुऱ्याच्या मासळी बाजारात बर्फाच्या पेट्यांतून पापलेट-सुरमई उतरते. आपण खातो त्या मासळीसोबत जाळ्यात आणखी काय येतं, ते आज सांगायचं आहे.

कोळंबी, म्हणजे आपले झिंगे, समुद्राच्या तळाशी राहते. तिच्यासाठी ट्रॉलर तळावरून जाळं ओढतो, एकेका वेळी दोन-तीन तास. तोंडासमोर येईल ते आत जातं: खेकडे, समुद्रसर्प, सुरमईची पिल्लं आणि कासवं. कासवाला श्वासासाठी पाण्यावर यावंच लागतं. जाळ्यात ते धडपडतं, त्यात दम लवकर संपतो आणि ते गुदमरून मरतं.

यावर उपाय आहे. जाळ्याच्या शेवटी मासळी साठणारी पिशवी असते. तिच्या आधी धातूची एक जाळी तिरपी बसवतात. गजांमधलं अंतर 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांवर सरकत जाळ्याला ठेवलेल्या झडपेतून बाहेर पडतं. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने भारतीय बोटींसाठी असं साधन तयार केलं आहे. सगळी गोम तिरपेपणात आहे. साधारण 45 अंश ठीक. जाळी फार उभी झाली तर कासव तिच्यावरच दाबून राहतं, फार आडवी झाली तर पाण्याचा लोट झडपेकडे वळतो आणि कोळंबीही निसटते. गजांत प्लॅस्टिक किंवा शेवाळ अडकलं तरी तेच. माल जातो ही मच्छीमारांची तक्रार खोटी नाही, पण बऱ्याचदा ती चुकीच्या बसवणीची असते. जाळ्यांत ही सोय नाही म्हणून अमेरिकेने भारताची समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलं; ते नुकसान मला जास्त मोठं वाटतं.

माशांच्या पिल्लांचा प्रश्न जाळ्याच्या आसाचा, म्हणजे दोऱ्यांमधल्या भोकाचा. शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढ बसली की मिटतो, म्हणून पिल्लू बाहेर पडू शकत नाही. चौकोनी आस ओढीतही उघडा राहतो. त्यासाठी 40 मिलिमीटरचा चौकोनी आस सांगितला आहे. 2023 मध्ये राज्याने मासळीची किमान लांबीही ठरवली: पापलेट साडेतेरा सेंटिमीटर, सुरमई 37. बाजारात वाटा घेताना एवढं मोजणं आपल्या हातात आहे.

आणि कासव अडकलंच तर? संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं, तर महाराष्ट्रात मच्छीमाराला भरपाई मिळते, कमाल 25 हजार रुपये. पण निपचित कासव मेलं समजून लगेच पाण्यात टाकू नये, ते बुडतं. त्याला पोटावर ठेवायचं, मागची बाजू वीतभर उंच करायची, म्हणजे फुप्फुसातलं पाणी निथळतं. अंगावर ओलं फडकं, नाकपुड्या मोकळ्या. ते हालचाल करतं का पाहायला मधूनमधून डोळ्याजवळ हलकं बोट लावायचं, शेपटीला चिमटा काढायचा. शुद्धीवर यायला चार तास लागतात, कधी पूर्ण दिवस. मग जाळं वर घेऊन, इंजिन न्यूट्रलला ठेवून, बोटीच्या मागून त्याला अलगद पाण्यात सोडायचं आणि ते दूर गेल्यावरच पंखा फिरवायचा.