पावसाळ्यातलं पीक

(दृश्य : रामकुंड, पुराचं पाणी)

गोदावरीला पूर आला की नाशिककर आकडे विचारत नाहीत. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं, एवढंच विचारतात. आज कमरेला आहे.

(दृश्य : गंगापूर रोड, प्रयोगशाळा. काचेची बशी, अगदी जवळून)

इथेही आज पावसाचीच अडचण. बशीत चिमूटभर पांढरं लिथियम आयोडाइड आहे, म्हणजे लिथियम आणि आयोडिनचं मीठ. बघत राहा. कडा ओलावल्या, मग मधला ढीग बसला. चित्रण थोडं पळवलंय, पण फार नाही. पावसाळ्यात घरच्या मिठाला पाणी सुटतं तसंच हे, फक्त याला धीर नाही. एमएस्सीच्या मुलीने बाटलीचं झाकण लावलंसुद्धा.

(दृश्य : कापडाने झाकलेलं मास स्पेक्ट्रोमीटर)

हे अणु-रेणूंचं वजन मोजणारं मशीन. लिथियमसाठी आलेलं नाही, द्राक्षांसाठी आलंय. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वेलीची वाढ रोखणारं रसायन सापडलं, कंटेनर अडकले, आणि 'रेसिड्यू', म्हणजे फळात उरलेला रसायनाचा अंश, हा शब्द बांधाबांधावर पोचला. जानेवारी ते एप्रिल याला उसंत नसते. जूननंतर मात्र हे कापड. आतली निर्वात पोकळी टिकवायला पंप बाराही महिने चालू, वीज बाराही महिने खर्च.

आज कापड निघालंय.

(दृश्य : सुईचं टोक, टॉर्चच्या उजेडात फवारा)

टोकावर काही हजार व्होल्ट आहेत. धुक्यासारखं दिसतंय ते मिठाचं द्रावण. थेंब वाळत जातो, आतलं मीठ दाटत जातं आणि शेवटी उरतात विद्युतभारित घड. पुस्तकात त्यांना समूह म्हणतात. नाशकात घड म्हटलं की पुरतं.

(दृश्य : संगणकाचा पडदा)

डावीकडून उजवीकडे वजन वाढत जातं, घड जितके जास्त तितकं टोक उंच. पहिलं टोक १४१ वर. लॅबमधली पोरं त्याला 'पीक' म्हणतात, म्हणू द्या. लिथियमच्या अणूचं वजन ७, आयोडिनचं १२७. म्हणजे या घडात दोन लिथियम, एक आयोडिन. पुढचं २७५ वर, मग ४०९. दर वेळी १३४ ची भर, मिठाचा एकेक मणी वाढतोय.

आता १४१ च्या डावीकडे बघा. १४० वर एक बुटकं पीक आहे. मुलीला आधी वाटलं, मशीन बिघडलं. बिघडलेलं नव्हतं. शंभरातले सात-आठ लिथियम अणू ७ ऐवजी ६ वजनाचे असतात. घडात लिथियम दोन, म्हणून तसा एखादा सापडायची शक्यताही जवळपास दुप्पट. मोठं पीक १०० धरलं तर बुटकं साधारण १६. आयोडिन एकाच वजनाचं, त्यामुळे या उंचीवरून घडातले लिथियम मोजता येतात. क्लोराइड घेतलं असतं तर क्लोरिनच्या दोन वजनांनी गोंधळ घातला असता. हे तिने स्वतः वहीत मांडलंय, पेन्सिलने, दोनदा खोडून.

याच घडावरचा भार काढला, म्हणजे गेलेला इलेक्ट्रॉन परत दिला, तर तो इलेक्ट्रॉन एकट्या लिथियमच्या अणूपेक्षा सहज सुटतो. अशांना सुपरअल्कली म्हणतात, सर्बियातल्या विंचा संस्थेत त्यांच्यावर काम झालंय.

(दृश्य : हातमोजे, मशीनचा सुटा केलेला भाग)

"मीठ तुम्ही घालायचं आणि धुवायचं मी," मशीन चालवणारे काका म्हणतात. मशीनच्या तोंडाशी असलेल्या शंकूवर खरोखरच पांढरा थर बसलाय. मिथेनॉल, पाणी, पुन्हा मिथेनॉल.

द्राक्षांचे नमुने यायला अजून पाच महिने आहेत.