पुरिपोल बूनसॉन: सोळाव्या वर्षापासून ९.९४ पर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुम्हाला थायलंडच्या एका धावपटूबद्दल सांगणार आहे. त्याचं नाव पुरिपोल बूनसॉन. थायलंडमध्ये बहुतेकांना घरचं एक टोपणनाव असतं आणि चारचौघांतही तेच चालतं. पुरिपोलला तिथले लोक 'ब्यू' म्हणतात. जन्म १३ जानेवारी २००६ चा.

मे २०२२ मध्ये व्हिएतनामची राजधानी हनोई इथे आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. कोरोनामुळे त्या सुमारे सहा महिने लांबल्या होत्या. सोळा वर्षांच्या ब्यूने तिथे १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या आणि चार गुणिले शंभर मीटर रिलेतही सुवर्णपदक मिळवलं. २०० मीटरला त्याची वेळ होती २०.३७ सेकंद. हा स्पर्धेचा नवा विक्रम होता.

मला मात्र त्या तीन सुवर्णपदकांपेक्षा त्याच वर्षीचा त्याचा एक चौथा क्रमांक मोठा वाटतो. ऑगस्टमध्ये कोलंबियातल्या काली शहरात वीस वर्षांखालील खेळाडूंची जागतिक स्पर्धा होती. अंतिम फेरीच्या आधीच ब्यूने १०० मीटर अंतर १०.०९ सेकंदांत कापलं. अठरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाने तोवर इतकी कमी वेळ नोंदवली नव्हती. थायलंडचा राष्ट्रीय विक्रम तर ब्यूच्या जन्माआधीपासून, १९९८ च्या बँकॉक एशियाडपासून, १०.२३ वर अडून होता. २०२२ मध्ये तो विक्रम इतका मागे पडला!

अंतिम शर्यत बोट्स्वानाच्या लेट्सिले टेबोगोने ९.९१ सेकंदांत जिंकली. पुढे पॅरिसला २०० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं ते यानेच. तिसरा आला दक्षिण आफ्रिकेचा बेंजामिन रिचर्डसन, १०.१२. चौथा ब्यू, त्याचीही वेळ १०.१२. निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागावर लागला. सोळा वर्षांचा मुलगा त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुलांशी इथवर भिडला होता.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. अठरा वर्षांखालचा जो उच्चांक ब्यूने मागे टाकला, तो अमेरिकेच्या अँथनी श्वार्ट्झचा होता, १०.१५. श्वार्ट्झ तोवर धावपट्टी सोडून अमेरिकन फुटबॉलमध्ये गेलाही होता. लहान वयातला विक्रम पुढची काहीच हमी देत नाही. म्हणूनच मला ब्यूची त्यानंतरची वर्षं बारकाईने पाहाविशी वाटतात.

३० सप्टेंबर २०२३, हांगझोउ एशियाड. १०० मीटरमध्ये चीनचा शिए झेनये पहिला आला, ९.९७. ब्यू दुसरा, १०.०२. वय सतरा. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने उपांत्य फेरी गाठली आणि त्याच महिन्यात पेरूतल्या लिमा शहरात कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत तो पुन्हा उतरला. तिथे १०.२२ सेकंदांत रौप्यपदक मिळालं. सुवर्ण आणि कांस्य मिळवणारे बयांडा वालाझा आणि ब्रॅडली न्कोआना हे दोघंही काही दिवसांपूर्वी दक्षिण आफ्रिकेच्या रिले संघातून ऑलिंपिक रौप्य घेऊन आलेले. त्या दोघांच्या मधे उभं राहणं ही साधी गोष्ट नाही.

तरीही १०.०२ च्या खाली काही तो येत नव्हता. शंभर मीटरमध्ये धावपटूचा सर्वाधिक वेग साधारण पन्नास-साठ मीटरच्या आसपास येतो. शेवटी शेवटी प्रत्येकाचा वेग कमी होत असतो आणि ज्याचा कमीत कमी घटतो तो जिंकतो. टीव्हीवर एखादा धावपटू शेवटी मुसंडी मारल्यासारखा दिसतो, तेव्हा बहुतेक वेळा बाकीचे मंदावलेले असतात. हा वेग टिकवायला पक्व शरीर लागतं आणि ते घडायला काही वर्षं जावी लागतात. थायलंडने त्याला ती वर्षं दिली, याचं मला कौतुक आहे.

२०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात तो १०० मीटरचा आशियाई विजेता झाला. मग डिसेंबरमध्ये आग्नेय आशियाई स्पर्धा त्याच्या घरीच आल्या, बँकॉकला. ११ डिसेंबरला सुपाचलासाई स्टेडियमवर, तेही प्राथमिक फेरीत, घड्याळाने दाखवलं ९.९४! दहा सेकंदांच्या आत शंभर मीटर धावणारा तो आग्नेय आशियातला पहिला माणूस. जपानचा राष्ट्रीय विक्रम होता ९.९५, त्याच्याही पुढे. या स्पर्धेचा जुना विक्रम इंडोनेशियाच्या सुर्यो अगुंग विबोवोचा, २००९ चा, १०.१७ होता. अंतिम शर्यत ब्यूने १०.०० सेकंदांत जिंकली.

आपल्याकडच्या वेळांशी तुलना करायची तर, २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या अनिमेष कुजूरने ग्रीसमध्ये १०.१८ चा राष्ट्रीय विक्रम केला. १०.१८ आणि ९.९४ एकाच शर्यतीत धावले, तर रेषेवर त्यांच्यात दोन मीटरांहून जास्त अंतर पडेल. पण थायलंडही १०.२३ वर वीस वर्षांहून जास्त काळ थांबला होता, हे अनिमेषच्या वयाच्या मुलांना ठाऊक असायला हवं.

लॉस एंजेलिस ऑलिंपिक २०२८ च्या जुलैमध्ये आहे. तेव्हा ब्यू बावीस वर्षांचा असेल. शंभर मीटरच्या फेऱ्या सुरू झाल्या की थायलंडची लेन कोणती आहे, तेवढं जरूर पाहा.

नमस्कार.