क्ष कुठे बसवायचा?

[दृश्य: भिंतीवरची दिनदर्शिका. बोट तीन तारखांवरून खाली सरकतं.]

मराठी घरांतल्या बऱ्याच दिनदर्शिकांत वार डाव्या कडेला एकाखाली एक असतात. त्यामुळे लागोपाठच्या तारखाही एकाखाली एक येतात. कुणालाही म्हणा, एका रकान्यातल्या लागोपाठच्या तीन तारखा मनात धर आणि नुसती बेरीज सांग. तो म्हणाला ४८, की तुम्ही म्हणायचं: १५, १६, १७.

शाळेत आपण पहिल्या संख्येला क्ष म्हणतो. मग पुढची क्ष अधिक १, त्यापुढची क्ष अधिक २. बेरीज ३क्ष अधिक ३. त्यातून ३ वजा करा, उरलेल्याला ३ ने भागा, क्ष १५. बरोबरच आहे, पण वाट जरा लांबची. क्ष मधल्या संख्येला द्या. आधीची क्ष वजा १, नंतरची क्ष अधिक १. बेरीज करताना हे दोन्ही एक उडून जातात आणि नुसते ३क्ष उरतात. ४८ ला ३ ने भाग, उत्तर १६. कागद लागतच नाही.

शाब्दिक उदाहरणात क्ष कुणाला म्हणायचं हे ठरलं, की निम्मं गणित झालं. समीकरण सोडवणं ही पुढची हमाली.

[दृश्य: पाटणादेवीचा परिसर, डोंगर, जुनं दगडी बांधकाम.]

चाळीसगावजवळच्या पाटण्यात १३व्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, अशी त्यात नोंद आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिल्या अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणतात. आणखी अज्ञात आले, तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. आपल्या उदाहरणाला एवढे रंग लागत नाहीत. संख्या क्रमागत आहेत, म्हणजे एक सापडली की बाकीच्या तिच्या आगेमागेच उभ्या असतात.

[दृश्य: फळा. खडूने आकडे उमटतात.]

आता नेहमीची घसरगुंडी. तीन क्रमागत विषम संख्यांची बेरीज ५७. विषम शब्द दिसला, की पुष्कळ मुलं क्ष, क्ष अधिक १, क्ष अधिक ३ लिहून मोकळी होतात. १ आणि ३ विषम आहेत ना! पण लागोपाठच्या विषम संख्यांत अंतर २ चं, आणि सम संख्यांतही २ चंच. मधली क्ष धरा: ३क्ष बरोबर ५७. संख्या १७, १९, २१.

[दृश्य: टेबलावर उघडं पुस्तक.]

पुस्तक उघडलं. समोरासमोरच्या पानांच्या क्रमांकांची बेरीज २४७. पानं कोणती? हे उदाहरण मला फार आवडतं, कारण यात आकडेमोड बिनचूक होते आणि तरी उत्तर फसतं. २क्ष अधिक १ बरोबर २४७, म्हणून क्ष १२३. पानं १२३ आणि १२४. आता एखादं पुस्तक हातात घेऊन बघा. विषम क्रमांक उजव्या पानावर असतो. १२३ उजवीकडे, आणि १२४ त्याच कागदाच्या पाठीवर! ही दोन पानं समोरासमोर यायचीच नाहीत. बेरीज २४५ दिली असती, तर १२२ आणि १२३ निमूट सापडली असती. उदाहरण रचणाऱ्याने पुस्तक उघडून पाहिलं नव्हतं, दुसरं काय.

[दृश्य: पुन्हा फळा. मधोमध १००.]

तीन क्रमागत पूर्णांकांची बेरीज १०० येईल? १०० ला ३ ने भाग जात नाही, विषय मिटला. चार संख्या घेतल्या, तर नेमकी मधली अशी कुणी नाहीच. पहिलीला क्ष म्हणा: ४क्ष अधिक ६. शंभरातून ६ गेले, ९४ राहिले, ४ ने भाग नाही. पाच संख्या? मधली २०, म्हणजे १८ ते २२. आठही चालतात: ९ ते १६.

६४ मात्र हट्टी. दोन घ्या, दहा घ्या, क्रमागत नैसर्गिक संख्यांची बेरीज ६४ होतच नाही. २ च्या सगळ्याच घातांची हीच तऱ्हा. पण प्रश्नात ‘पूर्णांक’ म्हटलं असेल, तर ऋण संख्याही आपल्याच. उणे ६३ पासून ६४ पर्यंत सगळे पूर्णांक मांडा, एकूण १२८. उणे ६३ ला ६३ कापतो, उणे ६२ ला ६२, असं करत करत उणे १ ला १. मधला शून्य असून नसल्यासारखा. उरला एकटा ६४.