सैल पट्ट्यावरचा 'पिंक मून'

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय निक ड्रेक हा इंग्लंडचा गीतकार-गायक, आणि त्याच्या अल्बमांचा क्रम कसा लावावा, हा आहे. अल्बम तीनच आहेत: 1969 चा 'फाइव्ह लीव्हज लेफ्ट', 1971 चा 'ब्रायटर लेटर' आणि 1972 चा 'पिंक मून'. तीनांचा क्रम लावायला वेळ तो किती लागणार, असे कोणालाही वाटेल. परंतु बेळगावच्या टिळकवाडीत जमणाऱ्या आम्हा चार मित्रांचा हा वाद पंचवीस वर्षे चालू आहे.

ड्रेकचा जन्म 1948 मध्ये रंगूनला झाला; वडील बॉम्बे बर्मा कंपनीत अभियंता होते. त्याच्या हयातीत या तबकड्या फारशा खपल्या नाहीत, आणि 1974 च्या नोव्हेंबरात, वयाच्या 26 व्या वर्षी तो गेला. पुढे एका मोटारीच्या जाहिरातीत 'पिंक मून'चे शीर्षकगीत वाजले आणि लोक दुकानांत त्याचे नाव विचारू लागले.

पहिल्या अल्बमचे नाव सिगारेट वळण्याच्या कागदाच्या पाकिटातील 'पाचच पाने उरली' या सूचनेवरून आले आहे. त्यातली गंमत तंबाखूच्या निपाणीतल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. त्यातले एक गाणे पाच मात्रांत चालते, आणि आमच्यातला धारवाडचा कानडी मित्र ते पहिल्यांदा ऐकतानाच मांडीवर खंड चापू हा पाच मात्रांचा कर्नाटकी ताल मोजू लागला होता. दुसऱ्या अल्बममध्ये ड्रम, सॅक्सोफोन, बासरी असा मोठा लवाजमा आहे आणि तीन रचना तर बिनगाण्याच्या आहेत. तिसरा 'पिंक मून' मात्र दोन रात्रींत ध्वनिमुद्रित झाला: एक आवाज, एक गिटार आणि शीर्षकगीतात थोडासा पियानो. अकरा गाणी, 28 मिनिटे. हा 28 चा आकडा कृपया लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळी हकिकत त्याच्यावरच उभी आहे.

'पिंक मून'ची कॅसेट आमच्याकडे सर्वांत आधी आली आणि शहापूरच्या मित्राच्या टेपरेकॉर्डरवर आम्ही ती दोन पावसाळे ऐकली. बेळगावचा पाऊस, अर्धे दार लावलेली माडी, आणि तो जड, खोल, पाय ओढत चालल्यासारखा आवाज. बाकीचे दोन अल्बम नंतर सीडीवर आले, पण क्रम ठरून गेला होता: 'पिंक मून' पहिला, चार विरुद्ध शून्य. इतके दुःख दुसऱ्या कोणाच्या गळ्यात नाही, असे आम्ही एकमेकांना सांगत असू. एकच अडचण होती. खानापूरचा मित्र भजनी मंडळात पेटी वाजवतो. त्याला या गाण्यांची पट्टी काही केल्या सापडत नसे. सूर पांढरी एक आणि काळी एक यांच्या मधल्या फटीत बसलेला असे. विलायती गवयांचे सूर असेच असावेत, असे म्हणून त्याने भाता बंद केला. (पेटीला कमी लेखणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे, त्या दिवशी खरे बोलणारी तेवढीच एक वस्तू खोलीत होती.)

मग एका संध्याकाळी मी सहज घड्याळ लावले. 28 मिनिटे झाली तरी गाणे चालूच. उलटायचा वेळ वगळूनही कॅसेट संपायला 31 मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून आम्ही खडेबाजारातल्या दुरुस्तीवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी मागचे झाकण काढले, आतला रबरी पट्टा बोटाने उचलला, तो शेवयासारखा लोंबला.

"किती दिवस असंच ऐकताय रे?"

"दोन वर्षं, चाचा."

चाचा आमच्याकडे बघतच राहिले. नवा पट्टा बसला, कॅसेट सुरू झाली, आणि आमचा शोकमग्न गवई एकदम हलका, तरुण, जवळजवळ टवटवीत होऊन गाऊ लागला. वेगात नऊ-दहा टक्के घट झाली की स्वर सुमारे पावणेदोन अर्धस्वरांनी उतरतो (अर्धस्वर म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांतले अंतर). पट्टी का सापडत नव्हती, ते पट्ट्यात होते. ज्या दुःखाला आम्ही पहिला क्रमांक दिला होता, त्यातले निम्मे रबराचे होते.

घरी येऊन फेरमतदान घेतले. पेटीवाल्याने आणि धारवाडकराने तत्काळ 'फाइव्ह लीव्हज लेफ्ट' वर नेला. त्यातल्या काही गाण्यांची व्हायोलिन-चेलोची मांडणी रॉबर्ट कर्बी या केंब्रिजमधल्या मित्राने केली आहे आणि ती आजही ताजी वाटते, हे मलाही मान्य आहे. तरी माझा पहिला क्रमांक 'पिंक मून'लाच राहिला. कारण मात्र बदलले. वेग योग्य झाल्यावर त्याचा उजवा हात प्रथमच ऐकू आला: अंगठा खालच्या तारांवर डग्ग्यासारखा ठेका धरतो आणि उरलेली बोटे वर स्वतंत्र चाल गुंफतात. मंद चालीत ती वीण उसवून गेली होती. 'ब्रायटर लेटर' आमच्याकडे नेहमी तिसराच येतो, आणि हा अन्याय आहे असे माझी पत्नी म्हणते; स्वयंपाकघरात मात्र तोच लागतो.

शहापूरच्या मित्राने त्या दिवशी मत दिलेच नाही. चाचांनी टेबलावर टाकलेला जुना पट्टा त्याने उचलून कॅसेटच्या डबीत ठेवला होता, आणि खरा 'पिंक मून' 31 मिनिटांचाच आहे, असे तो अजूनही म्हणतो. त्यावर लागलेल्या पैजेचा कुंदा, आमची बेळगावची मिठाई, शेवटी त्यानेच आणला.