तुटलेल्या लिगामेंटच्या मुळाशी

[दृश्य: गुडघ्याचा एमआरआय, बाजूने]

एसीएल, म्हणजे गुडघ्यात मांडीचं आणि नडगीचं हाड जोडणारं एक लिगामेंट (चिवट तंतूंचा पट्टा), तुटतं ते बहुतेक वेळा मध्येच कुठेतरी. एमआरआय पाहतानाही नजर तिथंच जाते. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात जिथं ते रुजलेलं असतं, ती मुळं शाबूत दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पुढच्या काही आठवड्यांत तिथल्या कूर्चापेशी मरताना दिसतात.

[दृश्य: निरोगी छेद (सूक्ष्मदर्शकाखालचा पातळ काप), सॅफ्रॅनिन-ओ या लाल रंगानं रंगवलेला]

ही निरोगी जागा. आधी लिगामेंटचे तंतू, मग मऊ तंतुकूर्चा, मग कॅल्शियम साठलेली तंतुकूर्चा आणि शेवटी हाड. मऊ तंतू थेट कठीण हाडात शिरले असते, तर सगळा ताण त्या एका काठावर आला असता. मधले दोन थर तो टप्प्याटप्प्यानं हाडात उतरवतात. तंतूंच्या मधे रांगेत बसलेल्या गोलसर पेशी आणि त्यांच्याभोवतीचा लाल रंग नीट पाहा. हा लाल रंग प्रोटिओग्लायकनचा, म्हणजे कूर्चेतल्या साखर-प्रथिनांच्या मोठ्या रेणूंचा, आणि तो या पेशीच बनवतात.

या पेशींना लिगामेंटचा ताण लागतो. लिगामेंट तुटलं की तो थांबतो. त्याच वेळी सांध्यात रक्त भरतं, दाह सुरू होतो, टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-१ बीटा हे दाहाचे संदेश देणारे रेणू वाढतात. मग पेशी अपॉप्टोसिसच्या, म्हणजे स्वतःहून ठरल्या क्रमानं मरण्याच्या, वाटेला लागतात: केंद्रक आक्रसतं, डीएनएचे तुकडे पडतात. मागे रिकामी घरटी उरतात, लाल रंग फिका पडतो, कूर्चेचा थर पातळ होतो. सशाचं एसीएल कापून केलेल्या प्रयोगांत हे दिसलं आहे, आणि शस्त्रक्रियेत काढलेल्या माणसाच्या नमुन्यांतही.

[दृश्य: प्रयोगशाळा, पॅराफिनचा ठोकळा]

पेशी अपॉप्टोसिसनंच मेल्या हे सिद्ध करणं नाजूक काम आहे. नमुना १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये ठेवायचा. हाडातलं कॅल्शियम ईडीटीएनं, म्हणजे कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या रसायनानं, काढायचं. त्याला आठवडे लागतात, पण घाई करून तीव्र आम्ल वापरलं तर डीएनए आम्लानंच तुटतो आणि पुढची चाचणी फसते. छेद साधारण ५ मायक्रॉनचे, तेही तंतूंच्या दिशेनंच. तिरका छेद गेला की पातळ झालेला थरही जाड दिसतो, आणि मोजमापातली ही चूक नंतर दुरुस्त करता येत नाही. कापताना हाड आणि कूर्चा यांच्या मधे फट पडली तर तो छेद सरळ बाजूला ठेवावा.

मग ट्युनेल चाचणी. तुटलेल्या डीएनएची टोकं यात रंगतात. रंग आत शिरावा म्हणून वापरलेलं प्रथिनं तोडणारं एन्झाइम, प्रोटिनेझ-के, जास्त वेळ राहिलं तर धडधाकट पेशीही रंगतात. म्हणून एका छेदावर मुद्दाम डीएनए तोडणारं डीएनेझ टाकायचं, तिथं सगळी केंद्रकं रंगायला हवीत. दुसऱ्यावर तुटक्या टोकांना खूण जोडणारं टीडीटी एन्झाइम टाकायचंच नाही, तिथं एकही रंगता कामा नये. शिवाय नेक्रोसिसनं, म्हणजे इजेमुळे अचानक, मेलेली पेशीही ट्युनेलमध्ये रंगू शकते. त्यामुळे शेजारच्या छेदावर सक्रिय कॅस्पेज-३, म्हणजे अपॉप्टोसिस घडवणारं एन्झाइम, पाहिल्याशिवाय अपॉप्टोसिस म्हणणं घाईचं ठरेल.

[दृश्य: आर्थ्रोस्कोपी (सांध्यात दुर्बीण घालून पाहणं), तुटलेल्या एसीएलचा नडगीकडे उरलेला खुंट]

एसीएलच्या पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियेत त्याच्या जागी नवा स्नायुबंध हाडात पाडलेल्या बोगद्यात बसवतात. तिथं तो मुख्यतः शार्पे तंतूंनी, म्हणजे थेट हाडात शिरणाऱ्या कोलॅजनच्या तंतूंनी, धरला जातो. मूळचे चार थर जसेच्या तसे परत येत नाहीत. काही शल्यविशारद जुना खुंट राखून त्यातूनच नवा बंध ओवतात. मात्र खुंट फार मोठा राहिला तर तो सांध्याच्या पुढच्या भागात अडकतो आणि गुडघा पूर्ण सरळ होत नाही. त्यामुळे बंध ओवून झाल्यावर टेबलावरच गुडघा सरळ करून पाहतात, आणि अडकणारा भाग तेवढाच छाटतात.