पात्याच्या टोकाचा आवाज

कॅलिफोर्नियातलं सांता मोनिका. चार आसनांचं सेस्ना 172 धावपट्टी सोडतं आणि थेट घरांवरून वर चढू लागतं. धावपट्टीचं टोक आणि पहिली घरं यांत फारसं अंतर नाही.

ही वस्ती विमानांच्याच आधारानं वाढली. 17 डिसेंबर 1935 रोजी डग्लस कंपनीचं डीसी-3 हे प्रवासी विमान पहिल्यांदा उडालं ते याच मैदानावरून. डग्लसच्या कारखान्यातल्या कामगारांनी आसपास संसार थाटले. दुसऱ्या महायुद्धात तर कारखाना शत्रूला दिसू नये म्हणून त्यावर खोटी घरं उभारली होती!

आवाजाचा दोष आपण इंजिनाला देतो. पण मोठा वाटा असतो प्रोपेलरचा, म्हणजे विमानाच्या नाकावरच्या फिरत्या पात्यांचा. सेस्नाच्या प्रोपेलरचा व्यास सुमारे 1.93 मीटर. इंजिन कमाल गतीनं, म्हणजे मिनिटाला 2700 फेऱ्यांनी फिरलं, की पात्याचं टोक ताशी साधारण 980 किलोमीटरनं हवा कापतं. ध्वनीच्या वेगाच्या चार-पंचमांश! टोक त्या वेगाच्या जितकं जवळ, तितका आवाज झपाट्यानं चढतो. म्हणूनच सुरक्षित उंची गाठल्यावर वैमानिकानं दोन-तीनशे फेरे कमी केले, तरी खालच्या अंगणात फरक कळतो. तीन आखूड पात्यांचा प्रोपेलरही याच कारणानं सौम्य. इंजिनाचा आवाज दाबायला जर्मनीत अनेक छोट्या विमानांच्या पोटाखाली सायलेन्सरचं लांब नळकांडं दिसतं.

सांता मोनिकात एका उड्डाणाच्या आवाजाला 95 डेसिबलची मर्यादा आहे. साधं प्रशिक्षण विमान ती सहसा ओलांडत नाही. पण शिकाऊ वैमानिक उतरतो, चाकं टेकवतो, लगेच उडतो आणि वळसा घालून परत येतो. तेच घर, तोच आवाज, तासभर. माणूस खरा पिचतो तो इथे, आणि डेसिबलचा आकडा हे मोजत नाही. म्हणून इथला दुसरा नियम मला जास्त मोलाचा वाटतो: शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी असा सराव बंद.

सरावासाठी आता वेगळं विमानही आलंय. स्लोव्हेनियातल्या पिपिस्ट्रेलचं, दोन आसनांचं, पूर्ण विजेवर चालणारं वेलिस इलेक्ट्रो. जून 2020 मध्ये त्याला युरोपची मान्यता मिळाली. आवाज सुमारे 60 डेसिबल. एका चार्जिंगमध्ये उड्डाण फार तर 50 मिनिटांचं. लांबच्या प्रवासाला अपुरं, पण धावपट्टीभोवतीच्या घिरट्यांना पुरेसं.

सांता मोनिकाचा विमानतळ 31 डिसेंबर 2028 नंतर बंद करायची मुभा शहराला मिळालेली आहे. अशा घिरट्या मात्र जगभरच्या इतर धावपट्ट्यांवर रोज सुरू राहतील. त्या घरांवरून जाणारा प्रोपेलर किती वेगानं फिरवायचा, हे वैमानिकाच्या हातात आहे.